अडीच दिवसांचे टोस्ट

भट्टीवालीचे टोस्ट असे कडक, की शेजारच्या सुताराला एकदा हातोडी सापडेना तेव्हा त्याने टोस्टनेच खिळा ठोकला. खिळा वाकला, टोस्ट नाही. खोटं वाटत असेल तर सुताराला विचारा. तो एरवी थापाड्या आहे, पण एवढं खरं सांगेल.

कडकपणाला कारण होतं. पाव भाजून, कापून, विझत्या भट्टीत पुन्हा वाळवला की महिनाभर टिकतो. आणि तो टिकायला हवा होता धाकट्या बहिणीसाठी, चिमीसाठी. चिमी नोकरीला गेली ती पार पृथ्वीच्या टोकाला. तिथून घरी यायचं म्हणजे, तिच्याच तोंडून ऐकलेलं, तीन विमानं बदला, मधे अर्धा दिवस बाकावर पाठ टेका, एकूण अडीच दिवस. निघताना माणूस गुळगुळीत, उतरताना दाढीवाला. माणसाची ही गत, तर पार्सलातल्या पावाने काय करावं?

वडील, अण्णा, अखेरच्या दुखण्यात होते तेव्हाही चिमी फोनवर रडली होती. "ताई, आत्ता निघाले तरी पोचणार नाही गं. थांबू नका माझ्यासाठी."

भट्टीवालीला ते अण्णांपुढे बोलवेना. "निघालीय ती," म्हणाली, "लांबचा पल्ला आहे." अण्णा दोन दिवस दाराकडे डोळे लावून होते. "आता समुद्रावर असेल," म्हणायचे. तसेच गेले.

त्याला दोन वर्षं झाली. यंदा सुताराचा जावई सासरी आला. राहणारा चिमीच्याच शहरातला. परतीच्या आदल्या दिवशी तिचा डबा न्यायला दुकानात आला, टोस्ट फळीवर वाजवून पाहिला नि हसला.

"मावशी, बहिणीचे दात पाडायचेत का? मऊ पाव द्या. सकाळी इथून निघालो की संध्याकाळी तिच्या ताटात."

"चेष्टा करू नका जावईबापू. तीन विमानं..."

"एकच. सरळ जातं. सात तास. जेवण येतं, डुलकी लागते न लागते तोच उतरा म्हणतात."

"नवीन निघालं असेल."

"छे. माझं लग्नही त्यानंतरचं." आणि त्याचा पोरगा तर आता शाळेत जात होता.

भट्टीवालीने हातातला टोस्ट डब्यात परत ठेवला. मोडता आला असता तर मोडला असता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने दुधाचा पाव केला. अण्णांच्या आवडीचा, भाजल्या दिवशीच खावा लागतो असा. फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून जावयाच्या हाती दिला. सोबत निरोप नाही.

संध्याकाळी फोन वाजला.

"ताई, डबा मिळाला." चिमी बोलत होती. "पाव मऊ आहे गं."

"हो. अण्णांचा आहे."

"ताई, तेव्हा मला ना..."

"खाऊन घे, शिळा होईल," भट्टीवाली म्हणाली. "आणि यापुढे डब्याची वाट बघू नकोस. लांबचा पल्ला आहे."