दुमडीतला पिवळा टाका

“आधी खूण उसव आणि मगच फ्रॉक दे,” मला शिवण शिकवलेल्या मावशी म्हणाल्या होत्या. “दिलेला कपडा ओळखू आला ना, की डोळ्यात खुपतो गं. अशा खूप बायका बघितल्यात मी.”

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, “मावशी, मी काय तसल्यातली वाटले का तुम्हाला? कॉलेजात निबंध लिहिलाय मी गणवेशावर. गणवेशामुळे मुलं एका पातळीवर येतात.”

“मुलं येत असतील,” दाताने दोरा तोडत मावशी म्हणाल्या. “आयांचं काय?”

माझी मुलगी भिंगरी तिसरीत आहे. नाव काहीतरी वेगळंच ठेवलं होतं, पण ती एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ. तिच्या प्रत्येक कपड्याच्या दुमडीत, आतल्या बाजूने, मी पिवळ्या दोऱ्याचं बारीकसं फूल काढते. शाळेत सगळे फ्रॉक निळे, हरवला तर शोधायचा कसा? माझा जीव तसाही कायम टांगणीला असतो. शाळेचा नियम असा, की फ्रॉक गुडघ्याच्या खाली दोन बोटं हवा. जुना फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला, म्हणून मी तो ऑफिसबाहेरच्या कपाटात नेऊन ठेवला. आखूड झालेले गणवेश तिथे ठेवायचे, आणि लागेल त्याने न विचारता न्यायचे, अशी शाळेची पद्धत. खूण तशीच राहिली. उसवायचा कंटाळा केला, दुसरं काही नाही.

महिनाभराने तो फ्रॉक मला शाळेच्या फाटकाशी दिसला. खिशाचा कोपरा मीच रफू केला होता, किंचित गडद दोऱ्याने. तो मी कुठेही ओळखेन. दुसरीतल्या एका मुलीच्या अंगात होता. तिची आई लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करते. त्या फ्रॉकच्या चुण्या! एकेक चुणी अशी की वाटावं आत पट्टी घातलीय. आमच्याकडे असताना त्याच चुण्या मधल्या सुट्टीपर्यंतसुद्धा तग धरत नसत.

मी नवऱ्याला म्हटलं, “इस्त्री बिघडलीय आपली.”

“इस्त्री बरी आहे,” तो म्हणाला, “तुझं काय बिघडलंय?”

तरी तेवढ्यावर निभावलं असतं. पण मुख्याध्यापक बाईंनी फाटकापाशी एक मोठा फोटो लावायचं ठरवलं: गणवेश कसा असावा. रिबिनी कुठे, मोजे किती वर, दुमड कुठपर्यंत, सगळीकडे बाण. आणि फोटोत कोण? तीच. माझ्या हातचा फ्रॉक घालून, मान ताठ, हात सरळ. त्याच आठवड्यात भिंगरीच्या वहीत लाल शाईने शेरा आला: ‘गणवेश अव्यवस्थित.’

रोज दोनदा मी त्या फोटोसमोरून जायचे. न बघता जायचं ठरवायचे आणि बघायचेच. फ्रॉक बेतला मी, बाह्या दोनदा उसवून बसवल्या मी, आणि कौतुक कोणाचं? माझ्याच मुलीला मनातल्या मनात ‘सरळ उभी राहा की जरा’ म्हणायला लागले होते. इतकी जळत होते.

एक दिवस शाळा सुटताना आम्ही आया फाटकाशी उभ्या होतो. एक जण फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, “अशी नीटनेटकी ठेवावी मुलगी. नाहीतर आपली ध्यानं!” ती मुलगी आईचा हात धरून बाजूलाच उभी होती. माझी जीभ सुटली ती सुटलीच.

“अहो, मूळ शिवणच आमची आहे!” मी हसत हसत म्हटलं, आणि वाकून त्या मुलीच्या फ्रॉकची दुमड उलटी केली. “हे बघा, आमच्या भिंगरीची खूण.”

सगळ्या हसल्या. मुलीने दोन्ही हातांनी फ्रॉक घट्ट खाली दाबला. तिची आई तेवढी हसली नाही.

“हो ताई, तुमचाच आहे,” ती म्हणाली. “इस्त्री करताना रोज दिसतं ते फूल. छान टाका आहे, म्हणून काढलं नाही.”

दुसऱ्या दिवशी ती मुलगी साध्या तपकिरी फ्रॉकमध्ये आली. गणवेश नसला की ऑफिससमोरच्या बाकावर बसायचं, हा नियम. ती बसली. समोरच्या कपाटात तिच्या मापाचा दुसरा गणवेश नव्हता. ज्या मुलीचा फोटो फाटकावर, तीच फाटकाच्या आत बाकावर, दप्तर मांडीवर घेऊन.

आता जे सांगतेय ते नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. भिंगरीचा एक जास्तीचा नवा फ्रॉक आमच्या कपाटात घडी घालून पडलेला होता. दुमड वर घेतली की दहा मिनिटांत तिच्या मापाचा झाला असता. पहिल्या दिवशी मी तो पिशवीत भरला आणि परत काढून ठेवला. मनात आलं, हाही हिला जास्त शोभेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाकाकडे न बघता पुढे गेले. चौथ्या दिवशी बाक रिकामा होता, आणि मला, खरं सांगते, आधी हायसं वाटलं.

मग एकदा सहज ऑफिसबाहेरचं कपाट उघडलं, तर वरच्या कप्प्यात आमचा जुना फ्रॉक. चुण्या तशाच कडक. दुमड उलटून पाहिली. पिवळं फूल इतक्या हळुवार उसवलं होतं की कापडाला नुसती सुईची भोकं राहिली होती.

फ्रॉक घेऊन मी तडक लॉन्ड्रीत गेले. मालक म्हणाले, “काम सोडून गेली बाई. कुठे ते नाही बोलली.” शाळेच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, “घातलं असेल दुसऱ्या शाळेत.” मी विचारलं, “मग दाखला?” त्यांनी फाईल चाळली. दाखला न्यायला कोणी आलंच नव्हतं. दाखल्याशिवाय दुसरी शाळा कशी घेईल, असं विचारलं तर त्यांनी फाईल मिटून कपाटात ठेवली.

त्याला आज सात आठवडे झाले. फोटो अजून फाटकाशीच आहे, आणि त्या चुण्या पाहून मी अजूनही जळते. तेही खोटं नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या भागात इस्त्री करणारी एखादी बाई नव्याने आली असेल, सोबत सात वर्षांची मुलगी असेल, ताठ उभी राहणारी, तर चौकशी कराल? आईला ‘मुलगी कशी आहे’ असं नका विचारू, ती बरी आहे म्हणेल. शाळेच्या वेळेला जा, आणि मुलगी कुठे आहे ते स्वतः बघा. घरी असली तर मला कळवा. दाखला मी घेऊन येईन, फ्रॉकही. दोन्ही फ्रॉक.