पट्टी कोणत्या डोळ्यावर?

सुताराला त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी हवी होती. 'आई मुलीच्या उपचाराकडे लक्ष देत नाही', एवढं एकच वाक्य, सहीशिक्क्यानिशी. ती मिळाली की न्यायालयात अर्ज करायचा आणि लेकीला, बिट्टीला, कायमची आपल्याकडे आणायची, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

घटस्फोटाला दीड वर्ष झालं होतं. न्यायालयाने बिट्टीचे दिवस वाटून दिले होते, चार आईकडे आणि तीन बापाकडे. एकाने तिला शाळेच्या दारात सोडायचं, दुसऱ्याने शाळेच्याच दारातून न्यायचं, म्हणजे एकमेकांचं तोंड बघायला नको! अशी घरं आपल्या आजूबाजूला काही कमी नाहीत, मंडळी. आणि अशा घरांत एक नियम हमखास असतो, तसा इथेही होता: तिकडच्या गोष्टी इकडे सांगायच्या नाहीत.

सहा वर्षांच्या बिट्टीचा डावा डोळा आळशी होता. म्हणजे डोळा दिसायला धड, पण काम करायचं नाव नाही. अशा वेळी चांगल्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी लावतात, की आळशाला झक मारत कामाला लागावं लागतं. पण हे लहानपणीच साधतं. वय निघून गेलं की ती नजर गेली ती गेलीच. सहा महिने पट्टी चालू होती आणि डोळा होता तिथेच होता.

आजवर आईच तिला तपासायला आणायची. आज वार बापाचा होता.

"आमच्याकडे रोज चार तास, घड्याळ लावून," सुतार म्हणाला. "तिकडे काय चालतं देव जाणे. तिला पुस्तकांतून डोकं वर काढायला वेळ कुठाय?" बिट्टीची आई वाचनालयात कामाला होती.

डॉक्टरीणबाई सकाळपासून पेशंट तपासून दमल्या होत्या. असली गाऱ्हाणी त्यांना रोजचीच. त्यांनी एक पट्टी पुढे केली. "कशी लावता, दाखवा बरं."

सुताराने सराईत हाताने कागद सोलला आणि पट्टी बिट्टीच्या डाव्या डोळ्यावर चिकटवली.

"अहो, हे काय!" बाई ओरडल्याच. "चांगला डोळा झाकायचा! तुम्ही आळशी डोळाच झाकताय!"

सुताराने घाईघाईने फोन काढला. बिट्टीच्या आईने पट्टी लावून फोटो पाठवला होता. खाली एक अक्षर नाही. फोटोत पट्टी डावीकडे दिसत होती, म्हणून त्याने डावा डोळा धरला होता.

"समोरच्याचा उजवा डोळा आपल्या डावीकडे येतो," बाई म्हणाल्या. "तुम्ही काम काय करता?"

"सुतारकाम."

"कपाटाचं दार कुठल्या बाजूला उघडायचं, ते गिऱ्हाइकाला विचारता की अंदाजाने बिजागऱ्या ठोकता?"

"विचारतो. दोनदा विचारतो."

"मग इथे एकदाही का नाही विचारलंत?"

"आम्ही बोलत नाही," सुतार पुटपुटला.

बाईंनी पट्टी हळूच काढली. "तुला माहीत होतं का गं, कुठल्या डोळ्यावर लावायची ते?"

बिट्टीने होकारार्थी मान हलवली.

"मग बाबांना सांगायचं नाही का?"

"सांगणार होते, आई दुसऱ्या डोळ्यावर लावते म्हणून," बिट्टी म्हणाली. "पण मग बाबा म्हणाले असते, आईला काही कळत नाही. आणि मग भांडण झालं असतं. मला कुठेही लावली तरी चालते."

मोठ्यांचं भांडण होऊ नये म्हणून या एवढ्याशा पोरीने आपला डोळा पणाला लावला होता! आणि आपण इथे आलो होतो कशाला? चिठ्ठी मागायला! सुताराला स्वतःची लाज वाटली.

"तिकडे चार दिवस शिवायचं आणि इकडे तीन दिवस उसवायचं, असं झालंय हे," बाई म्हणाल्या. "तुमचं आपसात पटलं नाही, ठीक आहे, नसेल पटलं. पण तिचा डोळा दोन घरांत वाटलेला नाही हो!"

"सुधारेल का?"

"वय आहे अजून. खात्री देत नाही. गेलेले सहा महिने मात्र गेले."

बाहेर येऊन सुताराने दीड वर्षात पहिल्यांदा तो नंबर लावला. पहिल्याच रिंगला आवाज आला, "बिट्टीला काय झालं?"

त्याने सगळं सांगितलं. "चूक माझी आहे," असंही म्हणाला.

"फोटोखाली दोन शब्द लिहिले असते तर माझी काही बोटं झिजली नसती," ती थकल्या आवाजात म्हणाली. "थांब तिथेच. मी येते."

त्या दिवसानंतर दोघांत गोडीगुलाबी झाली, असं मुळीच नाही. रोज संध्याकाळी दोन मिनिटं बोलतात. पट्टी, जेवण, अभ्यास, बस्स. पुष्कळदा त्या दोन मिनिटांतही एकमेकांचा वैताग येतो, तरी फोन मात्र चुकवत नाहीत.

मंडळी, न्यायालय मुलांचे दिवस वाटून देतं, मूल वाटून देता येत नाही. ज्याच्याशी संसार जमला नाही त्याच्याशी बोलणं जड जातं, कबूल. पण आपला अबोला फुकट नसतो. तो घरातलं सगळ्यात लहान माणूस सोसत असतं, आणि आपल्याला वाटतं, पोर किती शहाणं आहे, काही तक्रारच करत नाही!