थोरलीकडे पाठ

बिबट्या दिसला तेव्हा आप्पा शेंगा सोलत होते, आणि त्यांनी सोलणं काही थांबवलं नाही.

ड्रायव्हरने जीप हळूच कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि श्वास रोखून बोट दाखवलं. आडव्या फांदीवर चारी पाय खाली सोडून जनावर पसरलं होतं. एवढ्यासाठी लोक हंगामच्या हंगाम हेलपाटे घालतात. आप्पांनी चष्मा वर सरकवला, शेजाऱ्याच्या मुलाचं प्रगतिपुस्तक बघावं तसं बघितलं, "छान आहे हो," म्हणाले, आणि टरफलं खिशात टाकत विचारलं, "हत्ती कुठल्या अंगाला असतात इथे?"

ड्रायव्हर मागे वळून आप्पांच्या मुलीला म्हणाला, "ताई, बिबट्या दिसला नाही तर लोक माझ्याकडे असे बघतात, जसा काही मीच त्याला घरी बांधून आलोय. आणि आज दिसलाय, तर काका म्हणतात छान आहे."

"त्यांना हत्तीच बघायचेत."

"मग मागच्या जंगलात एवढा कळप दाखवला तो?"

"त्यात ती नव्हती," आप्पा म्हणाले, आणि पुढची शेंग फोडली.

ती म्हणजे थोरली.

शहरातल्या प्राणिसंग्रहालयात आप्पा जनावरांचे रखवालदार होते. तिथे ही हत्तीण आली तेव्हा त्यांच्या कमरेएवढी होती, आणि आप्पांचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. पिल्लाला दुधाची सवय लागेना म्हणून नवरा रात्रंदिवस तिकडेच. शेवटी बायको डबा घेऊन पिंजऱ्याशी गेली, गजांतून त्या पिल्लाकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बरं बाई, तू थोरली, मी धाकटी. पण आठवड्यातून एकदा तरी यांना घरी पाठवत जा." तेव्हापासून हत्तिणीचं नाव थोरली पडलं. संग्रहालयाच्या पाटीवर दुसरंच काहीतरी होतं, पण त्या नावाने तिला कुणी हाक मारली नाही आणि मारली असती तरी ती आली नसती.

ती यायची ठोक्याला. चाऱ्याच्या खोलीत सिमेंटचा लांब ओटा होता. त्यावर भोपळे चिरायचे, गवताच्या पेंढ्या सोडायच्या, भिजवलेलं धान्य लोखंडी बादलीत घ्यायचं आणि दाराशी येऊन बादलीच्या काठावर चाटूने दोन ठोके द्यायचे. मग जरा थांबून एक. थोरली अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असली तरी कान पसरून यायची. खाणं संपलं की आप्पा बादली उपडी करायचे आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे. पाठ म्हणजे संपलं. मग तिने कितीही फुसफुस केली, मानेवर वारा घातला, तरी वळायचं नाही. एकदा वळलं की दिवसभर पिच्छा सोडत नाही, हे आप्पा पहिल्याच वर्षी शिकले होते. खिशातला रुमाल, चष्मा आणि एकदा पगाराच्या दिवशी नवी कोरी टोपी गमावून शिकले होते.

ती ठोक्याची सवय हाताला अशी जडली, की घरी चहाचा पेला रिकामा झाला तरी आप्पा तो ओट्याच्या कडेवर तसाच आपटायचे. टक टक, जरा थांबून टक. बायको आतून म्हणायची, "मी इथेच आहे. मला सोंड नाही."

बायको गेली. आप्पा निवृत्त झाले, तरी रोज सकाळी संग्रहालयात जाऊन थोरलीला खाऊ घालून यायचे. मग संग्रहालय बंद करायचं ठरलं. कुंपणातले हत्ती कळपात मिसळावेत म्हणून त्यांना जंगलात सोडायची योजना निघाली आणि एका पहाटे थोरली ट्रकमध्ये चढून गेली. आप्पा साहेबांना विचारायला गेले.

"सोडली जंगलात," साहेब म्हणाले. "मजेत असेल."

"कुठल्या जंगलात?"

"आधी एका ठिकाणी नेली. तिथे जमलं नाही म्हणून हलवली. असेल कुठेतरी."

या 'जमलं नाही'ने आप्पांची झोप उडवली. पिंजऱ्यात वाढलेली पोर. माणसात राहून माणसाळलेली. दुसरे हत्ती तिला जवळ करतील का? पाण्यावर पुढे येऊ देतील का? की ती कळपाच्या मागे मागे, चार झाडं सोडून, एकटीच उभी राहत असेल? "तिला हत्तीची भाषा शिकवली कुणी?" ते फोनवर मुलीला म्हणायचे. "मी. आणि मला तरी कुठे येते?"

मुलगी दुसऱ्या गावी, आपल्या संसारात. तिने वर्षभर ऐकून घेतलं. मग रजा काढली, हत्ती असलेली सगळी जंगलं एकामागून एक फिरवील अशी खासगी गाडी ठरवली, आणि वडिलांच्या पिशवीत गरम कपडे भरता भरता जे म्हणायचं होतं ते म्हणून घेतलं.

"आप्पा, ती नांदते की नाही बघायला तुम्ही रानोमाळ निघालात. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली. मी नांदते की नाही बघायला आलात का कधी?"

"तिला रोज सकाळी कोण घालणार होतं खायला?" आप्पा म्हणाले. उत्तर खरं होतं, म्हणूनच मुलीला ते लागलं. तिने पिशवीची चेन ओढली आणि विषय तिथेच राहिला.

अशी ही यात्रा. एका जंगलातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. विश्रामगृहाच्या खोल्या सगळीकडे सारख्याच. लोखंडी पलंग, भिंतीवर पाल, मोरीत गळका नळ आणि दारामागे नियमांची पाटी. पहाटे अंगावर घोंगडी घेऊन जीपमध्ये बसायचं, ऊन चढलं की परतायचं, उन्हं उतरली की पुन्हा निघायचं. हरणं दिसली, रानरेडे दिसले, वाळूत जबडा उघडून पडलेली मगर दिसली. आप्पा प्रत्येकाला मान द्यायचे, पण तो परक्या लग्नातल्या पाहुण्यांना देतात तसा. हत्ती दिसले की मात्र ते उभे राहायचे, पुढच्या आसनाची दांडी घट्ट धरून एकेकीचे कान न्याहाळायचे. थोरलीच्या डाव्या कानाची कड फाटकाच्या कडीत अडकून फाटली होती, आणि तिथे अर्ध्या चंद्रासारखी खाच राहिली होती. प्रत्येक कळप बघून झाला की आप्पा खाली बसायचे आणि म्हणायचे, "चला." ड्रायव्हरला आता सगळी गोष्ट कळली होती. त्याने बिबट्यांचा नाद सोडला आणि तोही कानच बघायला लागला.

आता एकच जंगल उरलं होतं. तिथे नियम कडक. जीपमध्ये वनरक्षक बसल्याशिवाय फाटक उघडत नाही. जो रक्षक वाट्याला आला तो शब्द मोजून देणारा, मांडीवर वायरलेस ठेवून ताठ बसणारा. फाटकाशीच त्याने सांगितलं, "हाका मारायच्या नाहीत. खायला दाखवायचं नाही. इथे कुंपणातून आणून सोडलेले हत्ती आहेत. एखादा माणसाकडे मागायला आला की मला कळवावं लागतं. मग त्याला परत कुंपणात नेतात."

"परत म्हणजे? कायमचं?" आप्पांनी विचारलं.

"कायमचं. माणसाच्या मागे लागलेला हत्ती आज शेंगा मागतो, उद्या कुणाचं तरी छप्पर काढतो. त्यात हत्तीही जातो आणि माणूसही."

आप्पांनी खिशातल्या शेंगा काढून मुलीच्या पर्समध्ये टाकल्या आणि हात मांडीवर ठेवून बसले. शाळेतलं पोर बसतं तसे.

सकाळ अर्धी सरली तेव्हा तळ्याच्या काठी कळप दिसला. ड्रायव्हरने झाडाजवळ जीप उभी केली. हत्ती पाण्यात होते, चिखल उडवत होते, पोरं एकमेकांना ढकलत होती. आप्पा उभे राहिले. एक कान, दुसरा कान, तिसरा. मग त्यांनी दांडी धरली ती सोडलीच नाही.

"आप्पा?"

"ती," आप्पा म्हणाले. आवाज असा, की मुलीने त्यांच्याकडेच आधी बघितलं.

ती पाण्याच्या मधोमध होती. मागे नाही, चार झाडं सोडून नाही, मधोमध. शेजारची हत्तीण तिच्या अंगाला अंग घासून उभी होती. पायांशी एक पिल्लू लुडबुडत होतं. थोरलीने सोंडेने ते अलगद आपल्या पोटाखाली ओढून घेतलं.

"तिचंच असेल का हो?" मुलीने हळूच विचारलं.

"तिचं असो नाहीतर कुणाचं. तिच्यापाशी सोडलंय ना?" आप्पांचे डोळे भरून आले होते. "नांदते ग. चांगली नांदते."

ते खाली बसले. इतक्या दिवसांचं ओझं उतरलेल्या माणसाला आधी तहान लागते. मुलीने थर्मासातून चहा ओतला, आप्पांनी तो सावकाश, घोट घोट घेतला. नजर तळ्यावर. मन तर केव्हाच तिथे पोहोचलं होतं. चहा संपला. आणि पेल्याच्या तळाशी राहिलेला थेंब झटकायला त्यांनी स्टीलचा पेला जीपच्या लोखंडी दांडीवर आपटला. टक टक. जरा थांबून, टक.

आवाज आपल्या हातून झाला हे आप्पांना थोरलीच्या कानांवरून कळलं. ते पसरले होते.

ती वळली. पोटाखालचं पिल्लू बाजूला झालं. पाण्यातून निथळत ती काठावर आली आणि सरळ जीपकडे चालू लागली. घाई नाही, शंका नाही. रोज सकाळी अंगणाच्या टोकावरून यायची तशीच.

"हालू नका," ड्रायव्हर पुटपुटला.

रक्षकाने वायरलेस उचलला. लगेच बोलला नाही, पण बोट बटणावर ठेवलं. "काका," तो म्हणाला, "ही तुम्हाला ओळखते."

आप्पांच्या मनात त्या क्षणी काय काय आलं असेल ते देव जाणे. इतकी जंगलं पालथी घातली ती हिचं तोंड बघायला. आता ती आपल्या पायांनी येत होती. कपाळावरचे विरळ केस दिसायला लागले होते. हात पुढे केला असता तर तिने सोंड त्यात ठेवली असती. आणि त्या हातानेच तिला पुन्हा सिमेंटच्या अंगणात नेऊन बांधलं असतं.

आप्पांनी पेला मांडीवर उपडा केला. आणि आसनावर जागच्या जागी फिरून त्यांनी थोरलीकडे पाठ केली.

देव दिसावा म्हणून माणूस जन्मभर वणवण करतो, आणि देव दाराशी येतो तेव्हा बहुधा याची पाठ असते. ती अज्ञानाची पाठ. आप्पांनी मात्र जाणूनबुजून पाठ केली आणि डोळेही मिटून घेतले, कारण समोरच्या काचेत तिचं प्रतिबिंब पडलं असतं.

जमिनीवरची पानं चुरली. सावली आली, ऊन गेलं. ओल्या चिखलाचा आणि त्याखाली तो जुना, चाऱ्याच्या खोलीतला वास आला. मग मानेवर वारा. ऊन ऊन, ओलसर, एकदा, दोनदा. सदऱ्याची कॉलर हलली. आप्पांचे दोन्ही हात उपड्या पेल्यावर होते आणि मुलीने पाहिलं, की बोटांची पेरं पांढरी पडली आहेत. ओठ हलत होते. नामस्मरण चाललं होतं की नुसतंच 'जा, बाई, जा' म्हणत होते, तिला कळलं नाही.

तळ्याकडून पिल्लाचा बारीक चिरका आवाज आला.

मानेवरचा वारा थांबला. सावली तशीच राहिली. मग पानं पुन्हा चुरली, या खेपेला दूर जाताना, आणि आप्पांच्या मिटल्या पापण्यांवर ऊन आलं.

"गेली?"

"थांबा," मुलगी म्हणाली. तिचा आवाज फुटला होता, पण ती सांगत राहिली, एकेक. "चाललीये. थांबली. मागे बघतेय. वळू नका, आप्पा. पिल्लू पुढे आलंय. त्याने तिची शेपटी धरली... निघाली. ती शेजारची आली घ्यायला. शिरल्या सगळ्या झाडीत. आता कुणी दिसत नाही."

आप्पा तरी वळले नाहीत.

रक्षकाने वायरलेस पुन्हा मांडीवर ठेवला, घसा साफ केला आणि तळ्याकडे बघतच म्हणाला, "मागायला आली नव्हती. जीपने वाट अडवली होती तिची. कळवण्यासारखं काही नाही." थोडं थांबून ड्रायव्हरला म्हणाला, "पुढच्या खेपेला गाडी जरा लांब उभी करत जा."

"चुकलंच माझं," ड्रायव्हर म्हणाला.

जीप निघाली. फाटकाशी रक्षक उतरला. जाताना त्याने आप्पांना रामराम केला आणि आप्पांनी हात जोडले. मग त्यांनी मांडीवरचा पेला मुलीच्या हातात दिला.

"हा तुझ्याकडे ठेव. आणि यापुढे मला कागदाच्या कपात चहा देत जा."

मुलीने पेला पर्समध्ये शेंगांशेजारी ठेवला. रस्ता डांबरी झाला, शेतं लागली, एक चहाचं दुकान मागे गेलं.

"परतीच्या रस्त्यावर तुझं घर लागतं का ग?" आप्पांनी विचारलं.

"नाही. वाट वाकडी करावी लागते."

"मग करू वाकडी," आप्पा म्हणाले, आणि ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावून त्याला तसं सांगितलं.