मनकर्णाबाईची पायरी

“गाडीला कोण झोंबलं?”

दिवस नीट उगवलाही नव्हता आणि सांडू पिकअपच्या डाव्या दाराखाली उकिडवा बसून ओरडत होता. आदल्या दिवशी राजकुमार, त्याचा पोरगा, अद्रक टाकायला शहरात गेला होता. येताना पाऊस लागला, त्यामुळं गाडी खालून काळ्या चिखलानं माखली होती. चाकं, पाटे, टाकी, सगळं लिंपून निघालेलं. फक्त दाराखालचे दोन बोल्ट लख्ख होते.

“काय झालं?” मनकर्णाबाई चुलीपासून उठली नाही.

“हे दोन बोल्ट कोण पुसले?”

“चोर आला आसंल. बोल्ट पुसून गेला, झालं.”

“हसू नको. चांगला बोल्ट काढून कोणीतरी भंगारातला घातलाय. आयतवारी गिऱ्हाइक यायचंय गाडी बघाया!”

देवगाव रंगारीत सांडूइतका संशयी माणूस शोधून सापडला नसता. दुकानातून आणलेली साखर हा घरी पुन्हा तोलायचा. डॉक्टरानं दिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरला दाखवून मगच गिळायचा. ही खोड त्याला बैलबाजारानं लावली होती. तरुणपणी दहा-बारा वर्षं त्यानं बैल घेतले, विकले. लंगड्या बैलाला तेव्हा तापल्या लोखंडाचा डाग द्यायचे. बैल चालायला लागायचा, पण डाग काही जायचा नाही. गिऱ्हाइक डागावर बोट ठेवायचं, ह्याच्या पायात खोट आहे म्हणायचं आणि निम्म्या भावाला मागायचं. बैल गेले, पिकअप आली, पण सांडूच्या डोक्यातला बाजार काही उठला नाही. गाडीला पाडलेलं भोक म्हणजे बैलाला दिलेला डाग, हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं.

म्हणून पाच वर्षं सीटवरचं प्लास्टिक तसंच होतं. उन्हाळ्यात ते मांड्यांना चिकटायचं, पण काढायची टाप नव्हती. राजकुमारला टेप बसवायचा होता, नाही. मक्यासाठी फळ्या उंच करायच्या होत्या, नाही. ‘जय भीम’सुद्धा काचेवर रंगवू दिलं नाही. निळ्या पत्र्यावर लिहून तो पत्रा पुढं तारेनं बांधला होता, विकायच्या वक्ताला सोडून नव्या गाडीला बांधता यावा म्हणून.

आणि याच पायी मनकर्णाबाईचा पाय घरात अडकला होता.

तिचे गुडघे गेले होते. पिकअप उंच. इथं अंगणात ती अद्रकीचं क्रेट पालथं घालून चढायची. पण मागच्या वर्षी शेंद्र्याला लेकीकडं, विशाखाकडं गेली, तेव्हा निघताना तिथं क्रेट नव्हतं. दोनदा पाय टाकला, दोनदा खाली आला. शेवटी जावई पुढं झाला. आकाश साधा पोरगा, कंपनीत कामाला. “मामी, थांबा,” म्हणाला आणि सासूला कमरेला धरून उचललं, गाडीत ठेवलं. ज्या जावयासमोर तिनं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्यानं भर गल्लीत तिला पोतं उचलावं तसं उचललं. ओट्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सांडूही हसला. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

घरी आल्यावर ती म्हणाली होती, “दाराखाली एक पायरी ठोकून घ्या. नायतर मी शेंद्र्याला याची नाय.”

“पायरी ठोकायची म्हंजी चार भोकं. भोकं दिसली का गिऱ्हाइक इचारतं, गाडी कुठं आदळली व्हती.”

“मंग लेकीचं तोंड बघू नको का म्या?”

“दोन वर्सं दम धर. इकली का नव्या गाडीला बघू.”

ती पुन्हा बोलली नाही. वर्षभर शेंद्र्याचं नाव काढलं नाही. दर गुरुवारी ती गावातल्या भागूबाईकडं गोधडी शिवायला जायची, संध्याकाळी यायची, बस. सांडूला वाटलं, बाई समजूतदार आहे.

आता बोल्ट बघून त्याचा पहिला संशय पोरावर गेला. राजकुमारला उठवून त्यानं गाडीसमोर उभं केलं.

“खरं सांग. काय इकलंस गाडीतलं?”

“आबा, शप्पत, एक भोक पाडलं नाय, एक खिळा काढला नाय.”

“म्या भोकाचं इचारलंच नाय. तुला भोक कसं सुचलं?”

राजकुमार डोकं खाजवत मागं सरकला. सांडूचा संशय आणखी फुगला. तो तडक कडुबाच्या शेडवर गेला. गावात वेल्डिंगचं काम एकटा कडुबा करायचा.

“कडुबा, माझ्या गाडीला काय केलंस?”

“तुमच्या गाडीला म्या बोटबी लावलं नाय, सांडूभाऊ.”

“मंग कशाला लावलं?”

कडुबानं डोळ्यावरचा काळा चष्मा वर सारला, पुन्हा खाली घेतला. “बायामाणसानं भरोशानं सांगितलेलं काम मी कोणाला सांगत नसतो.”

सांडू परत फिरला. बायामाणूस! घरात बायामाणूस एकच. आता त्याला पत्त्यावर पत्ता लागेना. मनकर्णा गाडीचे बोल्ट कशाला पुसंल? त्यानं दोन दिवस पाळत ठेवली. गोठा धुंडाळला, कडब्याच्या गंजीत हात घालून पाहिलं, धान्याच्या कोठीत डोकावलं. साखर दोनदा तोलणाऱ्या माणसाला एक साधी गोष्ट मात्र सुचली नाही, की भागूबाईची ती गोधडी वर्षभर शिवून संपत कशी नाही.

आयतवारी गिऱ्हाइक आलं. शहरातल्या पुंडलिकनगरचे श्रीनिवासराव, बँकेतून निवृत्त झालेले. बायको मीनाक्षीताई सोबत. दोघांना गावाबाहेर रोपवाटिका काढायची होती.

सांडूनं पहाटेच गाडी धुऊन पुसून नव्या नवरीसारखी उभी केली होती. श्रीनिवासरावांनी एक फेरी मारली, कपाळाला आठी घातली.

“पाच वर्षांची गाडी, एवढी कोरी कशी?”

“वापरली तशी जपून.”

“मीटर मागं फिरवलंय का?”

श्रीनिवासरावांनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि दाराला लावून बघायला लागले. “ठोकून आत गेलेल्या पत्र्यावर पुट्टी भरतात. चुंबक तिथं चिकटत नाही. रागवू नका हं, आणि हे सीटवरचं प्लास्टिक नवीन घातलंय का, विकण्यासाठी?”

पाच वर्षं ज्या प्लास्टिकवर घाम गाळला, ते विकण्यासाठी घातलेलं! सांडूच्या मनात आलं, हा तर माझाच सख्खा भाऊ. आणि आपल्यासारखा माणूस समोरून कसा दिसतो, हे पहिल्यांदाच बघून त्याला बरं वाटलं नाही.

तेवढ्यात मीनाक्षीताईंनी आत बसून बघायचं ठरवलं. त्यांच्या गुडघ्याला पट्टा होता. एकदा पाय टाकला, परत घेतला.

“अहो, मला नाही जमणार.”

“पायरी बसवून घेऊ की,” श्रीनिवासराव चुंबक फिरवता फिरवता म्हणाले. “त्यात काय एवढं.”

“भोकं पडतील,” सांडूच्या तोंडून सवयीनं गेलं. “पुढं इकताना भाव पडंल.”

“पडू दे. ती चढणार कशी मग?”

मीटर, पत्रा, प्लास्टिक, सगळ्यावर संशय घेणाऱ्या या माणसानं पायरीचा एका क्षणाचाही हिशेब केला नव्हता.

ओट्यावर मनकर्णाबाई उभी होती. ती आत गेली, अर्धवट शिवलेली गोधडी काखेत घेऊन बाहेर आली. घडी उलगडली. आत लोखंडी पायरी होती. वर दोन आकडे. तिनं ते दाराखालच्या दोन बोल्टांवर अडकवले, पायानं दाबून बघितले.

“चढा बाई. पक्की हाय.”

मीनाक्षीताई चढल्या.

“ही कधी?” सांडूनं विचारलं.

“साल झालं. दर गुरुवारी राजू अद्रक टाकाया जायचा, म्या येशीपासून चढायची. लेकीला बघून यायची, येशीपाशी उतरायची. एक भोक पाडलं नाय तुमच्या गाडीला. उतरले का बोल्टाला चिखल फासायची, तुमाला दिसू नये म्हणून. त्या दिशी पावसात राह्यलं.”

राजकुमार कुंपणाकडं बघत उभा राहिला.

“वा!” श्रीनिवासराव खुश झाले. “घेतो गाडी. तुम्ही म्हणाल तो भाव. पायरीसकट मात्र.”

“पायरी नाय भेटायची,” मनकर्णाबाई म्हणाली. “माझ्या मापानं घडवून घेतलीय. गाडी त्यांची हाय, त्यांनी इकावी.” तिनं आकडे काढले, पायरी पुन्हा गोधडीत गुंडाळली आणि आत निघाली.

पाच वर्षं सांडू ज्या शब्दांची वाट बघत होता, ते शब्द गिऱ्हाइकानं उच्चारले होते. तुम्ही म्हणाल तो भाव. पण त्याचे डोळे त्या गोधडीवर होते. गाडीचा भाव पडू नये म्हणून आपल्या बायकोनं सालभर चोरासारखं लेकीकडं जावं, चिखलात बोटं घालून बोल्ट माखावेत, याची त्याला मनापासून लाज वाटली.

“साहेब,” तो म्हणाला, “गाडी इकायची नाय.”

“का? काही गोम आहे का गाडीत?” श्रीनिवासरावांचं चुंबक पुन्हा बाहेर आलं.

“गोम गाडीत नाय. कडुबाकडं चला, तुमच्या बाईच्या मापाची पायरी सांगतो. कोणचीबी गाडी घ्या, तिला लागंल.”

दुपारी कडुबानं पक्क्या पायरीसाठी पिकअपला चार भोकं पाडली. प्रत्येक भोकाला सांडूचा जीव कळवळला. तो गाडीखाली डोकं घालून बसला होता. “बोल्ट जुने तर नाय ना लावत?” त्यानं चारदा विचारलं. पायरी बसली, तसं त्यानं सीटवरचं प्लास्टिक ओढून काढलं आणि कडुबाच्या शेडमध्येच टाकलं.

गुरुवारी शेंद्र्याला गाडी स्वतः सांडूनं नेली. गल्लीत त्याच बाया, त्याच ओट्यावर. विशाखा दारात आली. आकाश पळतच पुढं आला, हात पुढं करून.

“जवाईबापू, तुमी ऱ्हाऊ द्या,” सांडू आतूनच म्हणाला.

मनकर्णाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला, पायरीवर पाय ठेवला आणि गल्लीत एकटी उतरली.