कढईत बिघडलेला पिवळा

कस्तुराबाईच्या पायाला त्या चैत्रात भिंगरी लागली होती. लेकीचं लग्न पंधरवड्यावर आलेलं, घरात शेवया-पापडांचा पसारा, आणि ही बाई उठली की निघाली रानात. इंझोरीचं सगळं शिवार तिनं पालथं घातलं. विचारलं तर उत्तर तयार: मांडवाला रंग पाहिजे. लढाईमुळे बाजारात रंगाच्या पुड्या नव्हत्या, पताकांचा कागद नव्हता, आणि एकुलत्या एका रुख्मिणीचा मांडव नुसत्या आंब्याच्या डहाळ्यांवर उभा राहावा हे तिच्या मनाला पटत नव्हतं.

पण हंगाम सरत आला होता. पळस झडून गेलेला. मोहाची तांबूस पालवी आणावी तर संध्याकाळपर्यंत माना टाकायची. पांगाऱ्याचे उरलेसुरले लाल तुरे टोपलीतच काळे पडायचे. खरं सांगायचं तर बाईला रंगाचा घोर नव्हताच. घोर होता शेलूबाजारच्या जगदेवचा. नवरदेव बिजवर, पहिली बायको तापात गेलेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात वावगं काही नव्हतं. मग रुख्मिणीला कुंकू लावायला आलेल्या त्याच्या घरच्या बायका दर वाक्याआधी एकमेकींकडे का बघत होत्या? नवऱ्याला, जानरावाला, हे विचारलं की तो बैलांना पेंड घालायला उठून जाई.

त्याच कुंकवाला तिनं जावयासाठी एक उपरणं दिलं होतं, स्वतःच्या हातानं रंगवून. फाल्गुनात वेचलेली पळसफुलं घेतली, तुरटी घेतली, आणि घाईघाईत चुलीवर चढवली लोखंडी कढई. लोखंडानं आपला गुण दाखवला. पिवळ्याच्या एका काठाला शेवाळी झाक चढली ती चढलीच. रुख्मिणी पोट धरधरून हसली होती. दुसरं कापड मिळत नव्हतं, म्हणून तेच दिलं.

मग एके दिवशी कस्तुराबाई आणि जानराव शेलूबाजारहून बाशिंगं घेऊन बैलगाडीनं परत निघाले. त्या गावाबाहेरच्या नाल्यावर जानरावानं बैल पाण्याला सोडले. वरच्या अंगाला बहावा फुलून पिवळाधम्मक लटकला होता. मांडवाला असाच झुलता पिवळा पाहिजे, असं म्हणत ती काठानं चढू लागली.

"लवकर ये, ऊन चढून राह्यलं," जानराव मागून म्हणाला.

बहाव्यापर्यंत ती पोचलीच नाही. वाटेत एक रुईचं झुडूप उभं होतं. बुडाशी हळदकुंकू आणि अक्षता, खोडाला सुताचे फेरे, फांदीत हिरव्या बांगड्या, आणि नवरीला नेसवावं तसं गुंडाळलेलं पिवळं कापड. क्षणभर तिला ते झाड साजरंच वाटलं. मग कापडाचा शेवाळी काठ दिसला आणि तिनं तो बोटांत धरून पाहिला.

तिसरी बायको लाभत नाही, म्हणून ज्याच्या दोन बायका गेल्या त्यानं तिसरं लग्न रुईशी लावायचं आणि मग चौथीला मांडवात उभं करायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणजे जगदेवला मधे आणखी एक बायको होती. ती झाकली, आणि रुख्मिणीची वाट मोकळी करायला झाडाला नेसवलं सासूनंच दिलेलं उपरणं. ज्या हातानं रंगवलं त्या हाताला आपला रंग कळतो, एवढं त्या शहाण्यांच्या ध्यानात आलं नसावं.

तिनं उपरणं सोडलं आणि ओटीत खोचलं.

"बहावा नाई आनला?" जानरावानं विचारलं.

"नाई. मन नाई झालं."

घर येईपर्यंत गाडीत बसल्या जागी तिचे पाय सारखे हलत होते.

अंगणात रुख्मिणी चुलीवरच्या मातीच्या भांड्यात लग्नाचं लुगडं पळसाच्या रंगात ढवळत होती. कस्तुराबाईनं उपरणं तिच्यापुढं टाकलं.

"आई, हा तं आपला कढईतला पिवळा," रुख्मिणी म्हणाली. "कुठं भेटला?"

"तुह्या सवतीच्या अंगावर."

नाल्यावरचं सगळं तिनं सांगून टाकलं. जानराव उंबऱ्यावर खाली मान घालून बसला.

"दुसरीचं मले मागून समजलं," तो म्हणाला. "तवा कुंकू लागून गेलं होतं."

"कायनं गेली?"

"विहिरीत पडली म्हन्तेत."

"पडली?"

जानरावानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. कस्तुराबाईला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. पाय इतके दिवस जे सांगत होते ते तिनं मांडवाच्या रंगाखाली दडपून ठेवलं होतं. तिनं भांड्याखालची लाकडं बाहेर ओढली.

"लुगडं काढ, रुखमे. वाळू घाल. घरी नेसाले होईल."

रुख्मिणीनं आईकडे बघितलं, मग बापाकडे, आणि लुगडं पिळायला घेतलं. पिळा घट्ट होता.

जानराव उठला, पागोटं बांधलं, उपरणं बगलेत मारलं आणि नुकतेच सोडलेले बैल पुन्हा जुंपले.

"काय सांगू त्यायले?" गाडीवर चढताना त्यानं विचारलं.

"सांगा, पोराचं लगन लागलं तुमच्या," कस्तुराबाई म्हणाली. "नवरी नाल्यावर उघडी उभी हाय. तिचं कापड तिले द्या, अन् घरी घेऊन जा म्हना."