शेवटचा वापर: अकरा दिवसांपूर्वी

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गुनव्होर हाउग्लीने कॉम्प्युटरवर गावचे वर्तमानपत्र उघडले आणि नगरपालिकेच्या बातमीशेजारी पुन्हा तीच जाहिरात आली. त्रोम्सो, भाड्याने एक खोली, एका व्यक्तीसाठी, लगेच ताबा. आठवड्याभरात ही सातवी वेळ. गुनव्होर मोजत होती.

तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहिले. ओडमुन पुढच्या हिवाळ्याची लाकडे रचत होता, साल वर करून, लग्न झाल्यापासून चाळीस वर्षे रचत आला तसा. त्याआधी तो तीन वर्षे दूर उत्तरेला, त्रोम्सो शहराच्या बंदरावर कामाला होता. तिथल्या तूरिद नावाच्या बाईचे नाताळचे कार्ड अजून दरवर्षी येई, दोन ओळींचे. दोन ओळींत काय लिहायचे राहून जाते, याचा विचार गुनव्होरने कधी केला नव्हता. या आठवड्यात केला.

घरात कॉम्प्युटर एकच, जेवणाच्या टेबलावर, पासवर्डशिवाय. कुलपे सायकलींना लावायची असतात, असे ओडमुन म्हणे.

दहाला सुनिव्हा आली. त्यांची ही मुलगी नवरा एरिक आणि दोन मुलींसोबत गावातच राहत होती. ती इस्पितळात परिचारिका होती आणि आज तिची दुपारची पाळी होती. तिने बूट दाराशी काढले आणि स्वतःच कॉफी ओतून घेतली.

"फोनवर काय म्हणत होतीस? जाहिराती चावतात?"

"चावत नाहीत, पाठलाग करतात. आपण जे शोधलंच नाही ते कसं दाखवतात गं?"

"शोधलंच असणार. तू नाहीतर बाबांनी. बाबा नवीन बोट बघत असतील." सुनिव्हा हसली. "हे बघ, एखादं संकेतस्थळ उघडलं की ते तुझ्या कॉम्प्युटरवर बारीकशी नोंद ठेवून जातं. कुकी म्हणतात तिला. स्वतःचं काम लक्षात ठेवायला असेल तर ठीक. पण त्याच पानावर जाहिरातवाल्यांच्याही कुकी असतात. मग तू वर्तमानपत्र उघडलंस की तिथेही तेच जाहिरातवाले बसलेले. 'अरे, ही तर कालची बोटवाली' म्हणतात, आणि बोट दाखवतात."

"मला न विचारता?"

"विचारतात की. ती पाटी येते ना मध्ये? तू काय दाबतेस?"

"मान्य. सगळं मान्य."

"घ्या! दारात उभा राहील त्याला आत घेतेस, आणि मग विचारतेस घरात गर्दी कशी."

"नाही म्हटलं तर बातमी वाचू देतात का?"

"देतात. 'फक्त आवश्यक' दाबायचं. बारीक अक्षरात लपवलेलं असतं, पण असतं."

गुनव्होरने कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. सुनिव्हाचा कप ओठांपर्यंत गेला आणि तसाच खाली आला.

"त्रोम्सो," ती म्हणाली. मग लगेच, "सगळं पुसून टाकू या. दोन मिनिटांचं काम."

गुनव्होर तिचा चेहरा निरखत होती. हिला ठाऊक आहे, तिला वाटले. बापाने लेकीला सांगितले आणि मला नाही.

"आधी काय आहे ते दाखव. मग पूस."

"त्यात बघण्यासारखं काही नसतं, आई. नुसती नावं आणि आकडे."

"एकतीस वर्षं पोस्टात होते मी. नावं आणि आकडेच वाचले."

सुनिव्हाने सेटिंग उघडली, त्यात खासगीपणा, त्यात साठवलेल्या नोंदी. लांबलचक यादी आली. प्रत्येक नावापुढे शेवटचा वापर कधी झाला ते लिहिलेले. वर्तमानपत्र, आज. बँक, काल. विणकामाचे नमुने, तीन दिवसांपूर्वी. भाड्याच्या घरांचे संकेतस्थळ आले तसे सुनिव्हाने यादी भरकन खाली सरकवली.

"वर घे," गुनव्होर म्हणाली.

अकरा दिवसांपूर्वी.

पोस्टात असताना पाकीट हाती आले की ती पत्त्याआधी शिक्क्याची तारीख बघे. आताही तिने टेबलावर बोटे टेकत एकेक दिवस मागे मोजला. दहा बोटे संपली, एक दिवस उरला. गुड फ्रायडे.

ईस्टरचा सबंध आठवडा ती आणि ओडमुन डोंगरातल्या लाकडी घरी होते. तिथे वीज नाही, फोन लागत नाही. त्या शुक्रवारी ओडमुन दिवसभर तिच्या शेजारी उन्हात पाय पसरून संत्री सोलत बसला होता. कॉम्प्युटर इथे होता, याच टेबलावर. मांजराला खायला घालायला म्हणून किल्ली एकाच माणसाकडे दिलेली.

तिला एकदम हलके वाटले, इतके की हसू आले. ते ओठांवर पोचण्याआधीच तिची नजर मुलीच्या हाताकडे गेली. सुनिव्हाचे बोट 'सगळे पुसा'वर टेकलेले होते. दाबलेले नव्हते.

"एका व्यक्तीसाठी," गुनव्होर म्हणाली.

"नुसतं बघत होते."

"एरिकला माहीत आहे?"

"आई."

"मुलींना?"

सुनिव्हाने मान इतकी किंचित हलवली, की हो की नाही ते कळले नाही.

मागचे दार उघडले. ओडमुन कवेत लाकडे घेऊन आत आला. "काय, सापडला का चोर?"

"कसला चोर," गुनव्होर म्हणाली. "मीच सगळ्यांना मान्य म्हणत बसले होते."

"कॉम्प्युटरला म्हणतेस तेवढंच. मला कधी म्हणालीस?"

कोणी हसले नाही. ओडमुनने दोघींकडे पाहिले, आणि लाकडे शेगडीशी ठेवायला गेला. सुनिव्हाने बटण दाबले. यादी कोरी झाली.

"बँकेत तुला आता पुन्हा नव्याने शिरावं लागेल," ती म्हणाली.

"शिरेन."

दाराशी सुनिव्हाने बूट घालायला बराच वेळ घेतला. गुनव्होर शेजारी उभी राहिली.

संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी जावयाचा निरोप आला. सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या न्याहारीला यंदाही आम्ही चौघे धरा, मुलींचे नवे पोशाख शिवून आलेत, असे एरिकने लिहिले होते. रात्री आठपर्यंत गुनव्होरने त्याला उत्तर पाठवलेले नव्हते.