मालाची वाट

फिरायला आलेल्या माणसाने फिरावं की चपला राखाव्यात, तुम्हीच सांगा! समुद्राच्या गावी आल्यापासून मी तेच करत होते. किल्ल्याला पायऱ्या, दीपगृहाला पायऱ्या, चौपाटीवर उतरायलाही पायऱ्याच. माझी चाकाची खुर्ची वर लावायची, मांडीवर बॅगा ठेवायच्या, शेजारी चपलांचा ढीग, आणि मुलगा-सून खाली पाण्यात. शिवाय मुलगा म्हणणार, "आई, इथून छान दिसतं ना?" दिसतं रे बाबा. मिठाईही काचेतून छानच दिसते.

उद्या परत निघायचं होतं. जन्मात पहिल्यांदा समुद्राला आले आणि कोरडीच घरी जाणार? नाश्त्यालाच मी जाहीर केलं, "आज मी नेणार. तुझा नकाशा ठेव खिशात."

"तुला इथलं काय माहीत, आई?"

"इथलं नाही. हातगाडी माहीत आहे."

गुडघे जायच्या आधी उभा जन्म मी सोड्याच्या बाटल्या हातगाडीवरून पोचवल्या. भरली गाडी पायऱ्यांवरून नेली की बाटल्यांचा चुरा. म्हणून प्रत्येक गावात मालाची एक वेगळी वाट असते, ती पाटीवर लिहिलेली नसते. चाकं घासून भिंतीचा कोपरा गुळगुळीत झालेला दिसला, की तिथे वळायचं.

असा कोपरा हॉटेलच्या मागेच सापडला. सून खुर्ची ढकलत होती, मुलगा तोंड वाकडं करून मागे. काय सुरेख गल्ल्या होत्या! उघड्या दारात शिलाई मशीन चालू, एका खिडकीत मांजर उन्हात पसरलेलं, डोक्यावर वाळत घातलेले सदरे. मी ऐटीत "डावीकडे, आता उजवीकडे" करत गेले आणि थेट एका खानावळीच्या मोरीपुढे येऊन थांबले. पुढे भिंत. भांडी घासणारी बाई आ वासून बघायला लागली.

"पोचलो समुद्राला?" मुलगा म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण! माझा मलाच राग आला. नुसत्या खुणेमागे धावले, माल कुठे जातो ते पाहिलंच नाही. समुद्राकडे कुठला माल जाईल? डोकं खाजवत होते, तेवढ्यात मोरीच्या दाराशी गोणपाटाखाली ठिबकणारी गाडी दिसली. बर्फवाला एक लादी उतरवून निघालाच होता.

"बाकीचा बर्फ कुठे रे, दादा?"

"होड्यांवर."

"वाटेत पायऱ्या?"

"पायऱ्या असत्या तर मी दुसरा धंदा बघितला असता, मावशी."

"सूनबाई, चल त्याच्या मागे!"

बर्फाच्या थेंबांची ओली रेघ आणि तिच्यावर माझी चाकं. दोरखंडांचं दुकान गेलं, जाळी विणणाऱ्यांचा ओटा गेला, आणि गल्ली संपली ती सरळ पाण्यात. सिमेंटचा रुंद उतार, दोन्ही बाजूंना ओढून ठेवलेल्या होड्या, आणि फिरायला आलेलं चिटपाखरू नाही.

पण खालचा उतार शेवाळलेला. "खुर्ची घसरेल, आई. बघितलास ना समुद्र, चल आता," मुलगा म्हणाला. म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! मी इकडे तिकडे पाहिलं. होड्या पाण्यात सोडायचा एक बुटका चाकांचा गाडा होता, त्याला दोर, आणि दोर गुंडाळायच्या रहाटाशी होडीवाला.

"यावरून होडी उतरवता, तर मला नाही उतरवणार?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "होडीपेक्षा हलक्या दिसता."

त्याने आणि मुलाने उचलून मला गाड्यावर बसवलं. दोर हळूहळू सुटू लागला. सून साडी खोचून, माझा दंड घट्ट धरून बरोबर चालत होती. आधी अंगठा भिजला, मग घोटे, मग हे मेले गुडघे, आणि एक लाट आली ती छातीवरच फुटली. तोंडात खारट पाणी! मी अशी ओरडले, की वर किल्ल्याच्या तटावरची माणसं वाकून बघायला लागली. त्यांना मी दोन्ही हात उंचावून दाखवले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, खरं सांगते.

मागे वळून पाहिलं. उतारावर मुलगा उभा, खांद्याला तिन्ही बॅगा, हातात माझ्या आणि सुनेच्या चपला.

"आई, अजून किती वेळ?"

"का रे? तिथून छान दिसतं ना?"

सून खो-खो हसत सुटली. मी होडीवाल्याला हात केला, "दादा, सोडा अजून थोडा दोर!"